तिसऱ्या जन्मी लेव्हल साठ

सोन्या, माझा धाकटा भाऊ, २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. सुरुवातीला रोज फोन व्हायचा, मग दोन दिवसांनी, मग फक्त रविवारी. बोलणंही ठरलेलं. जेवलास का, थंडी किती, आईचा गुडघा कसा आहे. २०२४ च्या दिवाळीत तो म्हणाला, "ताई, तू माझ्यासोबत वॉव खेळ. निदान बोलायला काहीतरी नवीन मिळेल."

वॉव म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. २००४ च्या नोव्हेंबरात आलेला हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. त्याला वीस वर्षं झाली म्हणून २१ नोव्हेंबर २०२४ ला जुन्या, क्लासिक रूपातले नवे सर्व्हर सुरू झाले. युरोपातला त्यातला हार्डकोर सर्व्हर सोलसीकर, आणि सोन्या तिथेच खेळत होता. हार्डकोर म्हणजे पात्र एकदा मेलं की संपलं. एकूण साठ लेव्हल, चाळिसाव्या लेव्हलला मेलात तरी पुन्हा एकपासून. मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटी रिटर्नचं काम करते. याआधी कॉम्प्युटरवर एकही गेम खेळले नव्हते. सुरुवातीला मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

८ डिसेंबर, रविवार. अकाउंट उघडलं, मोबाइलवर ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनची खात्री करणारं ॲप, लावला. खेळ उघडणाऱ्या लाँचरमध्ये खेळाच्या नावाजवळ प्रदेश निवडायचा असतो, तिथे युरोप ठेवायला विसरू नका. चुकलात तर तुमचं माणूस एका प्रदेशात आणि तुम्ही दुसऱ्यात, भेट होणारच नाही. क्लासिकला वेगळी किंमत नाही, पण महिन्याची वर्गणी भरल्याशिवाय आत जाता येत नाही. वीस लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं असं ऐकलं असेल, तर ते नव्या आवृत्तीपुरतं आहे.

वर्गणी भरताना माझं डेबिट कार्ड तीनदा नाकारलं गेलं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण सुरू करून घ्यायचे असतात. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये तो पर्याय होता, पण दाबला की 'शाखेशी संपर्क साधा' एवढंच यायचं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शाखेत गेले, फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स जोडली. गुरुवारी, १२ तारखेला, पैसे गेले. परकीय चलनाचं शुल्क धरून महिन्याला तेव्हा साधारण १,२६० रुपये पडायचे. जानेवारीत आपोआप नूतनीकरण झालंच नाही. परदेशी वर्गणीचा ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, माझ्या बँकेत बसत नव्हता. दोन दिवस खेळ बंद राहिला आणि पात्र पुसलं गेलं की काय या विचाराने मला झोप लागेना. पात्र पुसलं जात नाही. पैसे भरले की सोडलं होतं तिथेच उभं असतं. त्यानंतर दर महिन्याला मी हाताने पैसे भरले.

क्लासिकमध्ये अलायन्स आणि होर्ड असे दोन विरोधी पक्ष आहेत आणि पात्रांचे नऊ प्रकार, म्हणजे क्लास. पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शमन फक्त होर्डकडे, बाकी सात दोन्हीकडे. सोन्या अलायन्सला ड्वार्फ प्रीस्ट, म्हणजे जखमा भरणारा बुटका पुजारी, होता, म्हणून मीही अलायन्स घेतलं आणि त्याला न विचारता ह्यूमन वॉरियर केली. ढाल, तलवार, समोर जाऊन लढायचं, यात शिकायला काय आहे असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, हार्डकोरला सगळ्यांत अवघड तेच." कारण मला नंतर कळलं. वॉरियर पूर्णपणे हातातल्या शस्त्रावर अवलंबून असतो आणि सुरुवातीला शस्त्र यथातथाच मिळतं. स्वतःला बरं करता येत नाही. शत्रूला लांब ठेवता येत नाही. प्रत्येक फटका अंगावर घ्यावा लागतो.

ती वॉरियर रविवारी, १५ तारखेला, आठव्या लेव्हलला गेली. गोल्डशायर गावाच्या दक्षिणेला फार्गोडीप नावाची खाण आहे, त्यात कोबोल्ड नावाचे उंदरासारखे शत्रू असतात. एकेक मारत मी आत आत गेले. मारलेले शत्रू काही मिनिटांनी त्याच जागी परत उभे राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे दोघे अंगावर आले म्हणून मागे फिरले, तर वाट पुन्हा भरलेली. पडद्यावर पात्र आडवं झालं आणि माझे हात खरोखर थंड पडले. तीन दिवसांची ओळख, पण रडू आलं.

त्या रात्री सोन्याने फोनवर तासभर लढाई शिकवली. मी ती वहीत उतरवून घेतली. शत्रूंना इथे सगळे मॉब म्हणतात. मॉबच्या लेव्हलचा आकडा रंगीत असतो. राखाडीतून अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, काहीच मिळत नाहीत. हिरवा सोपा. पिवळा म्हणजे तुमच्या दोन लेव्हल वरखाली. नारिंगी आणि लाल दिसला की वाट बदलायची. नव्या माणसाला वाटतं, मोठा मॉब मारला की भरभर लेव्हल वाढेल. होतं उलटंच. वरच्या लेव्हलच्या मॉबवर आपले वार चुकतात, त्याचे आपल्याला जोरात बसतात, मग बसून खाण्यापिण्यात वेळ जातो. दोन-तीन लेव्हल खालचे हिरवे मॉब सलग मारत राहिलं की प्रगती जास्त होते आणि जीवही राहतो. माणसासारखे मॉब हेल्थ संपत आली की पळतात आणि येताना साथीदार घेऊन येतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात त्यांचा वेग कमी करणारा वार हाताशी ठेवायचा. गुहा आणि खाणी पहिल्या वीस लेव्हलपर्यंत एकट्याने टाळायच्या.

दुसरं पात्र मेज, म्हणजे जादूगार. ही मला मनापासून आवडली. स्वतःचं पाणी आणि भाकर मंत्राने करायची, लांबून बर्फाचा गोळा मारायचा, मॉब जवळ पोचेपर्यंत अर्धमेला. दहाव्या लेव्हलला फ्रॉस्ट नोव्हा मिळाला, जवळचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि आपण मागे सरकायचं. त्याच्या जोरावर मी सोळापर्यंत आले.

२८ डिसेंबर, वेस्टफॉल. पिवळी पडलेली शेतं, ओसाड घरं, आणि डेफियास टोळीचे लोक. त्यांच्यातला पिलेजर लांबून आगीचे गोळे फेकतो. माझ्यावर दोन पिलेजर आणि एक साधा असे तिघं आले. मी नोव्हा मारला, तिघंही गोठले, मी मागे सरकले. साधा अडकला. पिलेजरांना फरकच पडला नाही, त्यांना माझ्याजवळ यायचंच नव्हतं. उभ्या जागेवरून त्यांनी गोळे सुरू ठेवले. मी पाठ फिरवून पळाले, तेवढ्यात साधा सुटून मागे लागला आणि पाठीत वार बसला. पळताना पाठीत फटका बसला की पात्राला भोवळ येते आणि वेग एकदम पडतो. पुढच्या चार सेकंदांत संपलं. अमेरिकेतल्या एका हार्डकोर सर्व्हरला डेफियास पिलेजर हेच नाव आहे, इतके खेळाडू यांच्या हातून गेलेत. माझ्यापासून दहा पावलांवर घराची भिंत होती. मंत्र फेकणाऱ्याला तुम्ही दिसलाच नाहीत तर तो मंत्र फेकूच शकत नाही, त्याला चालत तुमच्याकडे यावं लागतं. भिंतीमागे गेले असते तर वाचले असते. आता कुठलीही लढाई सुरू करण्याआधी मी आडोसा कुठे आहे ते आधी बघते.

दुसऱ्या दिवशी, २९ डिसेंबरला, ड्वार्फ हंटर, म्हणजे शिकारी, केली. नवीन माणसाला मी डोळे झाकून हंटरच सुचवेन. बंदूक लांबून चालते, ड्वार्फला बंदुकीचं कौशल्य जन्मतःच थोडं जास्त असतं, आणि दहाव्या लेव्हलला पेट, म्हणजे सोबत लढणारा प्राणी, मिळतो. पण पहिल्या नऊ लेव्हल पेटशिवाय काढाव्या लागतात आणि त्याच खऱ्या धोक्याच्या. आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. शत्रू आठ यार्डांच्या आत आला की बंदूक चालत नाही आणि पाचच्या बाहेर असला तर कुऱ्हाड पोचत नाही. मधल्या त्या पट्ट्यात हंटरला काहीच करता येत नाही. गोंधळू नका, सरळ पुढे होऊन कुऱ्हाडीने मारा, किंवा वेग कमी करून मागे व्हा.

ड्वार्फचा प्रदेश डन मोरोग, सगळा बर्फ. दहाव्या लेव्हलच्या क्वेस्टमध्ये, म्हणजे कामगिरीत, आळीपाळीने डुक्कर, बिबट्या आणि अस्वल माणसाळवायला लावतात. सराव म्हणून, ठेवायला नाही. क्वेस्ट संपल्यावर मी परत जाऊन आईस क्लॉ जातीचं अस्वल कायमचं घेतलं. माणसाळवत असताना ते वीसेक सेकंद आपल्याला मारत असतं आणि आपण हलायचं नसतं. ते वीस सेकंद मी श्वास रोखून बसले होते. त्याचं नाव जांबू ठेवलं, जांबुवंतावरून. अस्वल घेण्याचं कारण व्यवहाराचंही आहे. बिबट्याला मांस नाहीतर मासेच लागतात, अस्वल पाव, चीज, फळं, काहीही खातं. पेटला वेळेवर खाऊ घातलं नाही तर त्याचा चेहरा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो, मार कमी पडतो, आणि फारच दुर्लक्ष केलं तर सोडून जातं.

लढाईची पद्धत अशी बसली. जांबूला पुढे पाठवायचं, त्याची गुरगुर दोनदा होऊ द्यायची, मग पहिली गोळी. घाईने गोळी झाडली की मॉब त्याला सोडून माझ्याकडे येतो. याला एग्रो म्हणतात, आणि हा गेम म्हणजे जवळपास सगळा एग्रोचाच हिशेब आहे. जास्त मार कोण देतंय, जखमा कोण भरतंय, त्यावर मॉब ठरवतो की कुणावर जायचं. जखमा भरणाऱ्यावरही एग्रो येतो, हे लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमची वेळ ठरली. माझी रात्रीची साडेदहा, सोन्याची संध्याकाळची सहा. हेडफोनवर व्हॉट्सॲप कॉल लावून खेळायचं. तो कांदा चिरत असायचा, कधी कपडे वाळत घालायचा. जानेवारीत कळलं की त्याची एक परीक्षा राहिली होती आणि त्याने घरी सांगितलं नव्हतं. फोनवर विचारलं असतं तर बोलला नसता. लांडग्यांच्या मागे जाताना सहज बोलून गेला.

बाराव्या-पंधराव्या लेव्हलपर्यंत पिशव्या आणि पैसे यांनी जीव मेटाकुटीला येतो. ट्रेनरकडची सगळी कौशल्यं विकत घेऊ नका, वापरता तीच घ्या. मी कातडी सोलण्याचा उद्योग घेतला, कारण तसेही प्राणीच मारत होते. कातडं लिलावघरात विकलं जातं. फर्स्ट एड मात्र प्रत्येकाने शिकावं. चिंध्यांच्या पट्ट्या होतात, सहा ते आठ सेकंदांत हेल्थ भरते, मिनिटभराने पुन्हा लावता येते. आणि खेळ बंद करताना सरायीत नाहीतर शहरात जाऊन बंद करा. तिथे झोपलेल्या पात्राला दर आठ तासांनी लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती साठते, आणि ती असेपर्यंत मॉब मारल्याचे गुण दुप्पट मिळतात. रिटर्नच्या कामामुळे दर महिन्याला २० तारखेच्या आसपास चार-पाच दिवस माझा खेळ बंद असायचा. परत आले की साठलेली विश्रांती हाताशी असायची, त्यामुळे मागे पडल्याची खंत वाटली नाही.

२ फेब्रुवारीला पाच जणांचा गट करून डेडमाइन्स नावाची अवघड खाण केली. गटात मार अंगावर घेणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि तिघे मारणारे लागतात. हंटरला तिथे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पेटची गुरगुर बंद करायची, म्हणजे टँकचा एग्रो तुटत नाही. आणि उंचावरून उडी मारायची वेळ आली की पेटला आधी निरोप द्यायचा. नाहीतर तो उडी न मारता लांबच्या वाटेने येतो आणि वाटेतले सगळे मॉब मागे घेऊन येतो.

१५ फेब्रुवारी, लेव्हल २६, वेटलँड्सचा दलदलीचा भाग. मगरीशी लढत असताना आमच्याकडची लाईट गेली. लॅपटॉप चालू, पण राउटर बंद. तुमचं कनेक्शन तुटलं तरी पात्र लगेच नाहीसं होत नाही, काही सेकंद तिथेच उभं राहतं आणि मार खातं. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून परत आत शिरले. जांबू आडवा पडलेला, मगर मेलेली, माझी हेल्थ एक तृतीयांश. त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. पेट मेला तर परत उठवता येतो, आपल्याला नाही. दुसऱ्याच दिवशी राउटरसाठी छोटा बॅकअप आणला, १,४५० रुपये. नाशिक काय किंवा कुठेही, हार्डकोर खेळणार असाल तर ही खरेदी सुरुवातीलाच करा. बुधवारी सकाळी सर्व्हर देखभालीसाठी बंद असतो, तेव्हा त्या दिवशी सुट्टी टाकू नका.

तिसाव्या लेव्हलला फेन डेथ मिळतं, मेल्याचं सोंग. जमिनीवर पडायचं, मॉब आपल्याला विसरतात. कधीकधी ते फसतं, म्हणून हेल्थ अर्धी असतानाच दाबायचं, अगदी शेवटी नाही. चाळिसाव्याला स्वारी. ड्वार्फांचे मेंढे खारानोस गावाजवळच्या अँबरस्टिल रँचवर मिळतात. मेंढा आणि स्वारीचं शिक्षण मिळून शंभर सोन्याची नाणी लागतात, ड्वार्फांचं शहर आयर्नफोर्ज, त्याच्याशी सलोखा चांगला असेल तर दहा टक्के सूट. तीन आठवडे कातडं विकून मी नव्वद जमवली. सोन्याने उरलेली देतो म्हटलं होतं, मी नको म्हटलं. ८ मार्चला मेंढ्यावर बसून पहिल्यांदा बर्फातून निघाले तेव्हा दोघंही काही बोललो नाही, नुसते शेजारी शेजारी चाललो. मग मार्चअखेर आला. खेळ जवळजवळ बंदच. त्यात ३० मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणून सोन्याचे सात वाजू लागले.

६ एप्रिल. अन'गोरो क्रेटर. मी ५३, तो ५४. घनदाट जंगल, जमिनीवर लाल, निळे, हिरवे, पिवळे स्फटिक, तेच वेचत होतो. या जंगलात डेव्हिलसॉर फिरतात, घराएवढे डायनासोर, आणि त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही. मी खाली बघत होते. पडद्याच्या कडेला झाडासारखं काहीतरी हललं आणि माझी निम्मी हेल्थ गेली. जांबूला सोडलं, सोन्याने माझ्यावर ढालीचा मंत्र टाकला, लगोलग जखम भरायला घेतली. डेव्हिलसॉरने डरकाळी फोडली, आम्ही दोघं भीतीने सैरावैरा धावलो. भीती उतरताच मी फेन डेथ दाबलं. लागू पडलं. डेव्हिलसॉर माझ्या अंगावरून पुढे गेला. मी जमिनीवर पडून बघत होते. माझ्या मागोमाग एग्रो कुणाचा होता? माझी जखम भरत होता त्याचा. तीन फटके. मग पडद्यावर सगळ्या सर्व्हरला जाहीर होणारी ती ओळ, त्याच्या पात्राच्या नावाने.

फोनवर बराच वेळ नुसता त्याच्या खोलीतल्या हीटरचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ताई, अजून उठू नकोस. तो लांब जाऊ दे." त्याचं चार महिन्यांचं पात्र गेलं होतं आणि तो मला वाचवत होता. मी माफी मागितली. "तू बरोबरच केलंस," म्हणाला, "दोघंही गेलो असतो." दोघं मिळून खेळत असाल तर हे आधी बोलून ठेवा. संकट आलं की ज्याच्याकडे पळण्याची युक्ती नाही त्याने आधी पळायचं, दुसऱ्याने तोवर थांबायचं. तो सुरक्षित झाल्याचं कानावर आलं की मगच सोंग घ्यायचं. आम्ही पन्नास लेव्हल सोबत केल्या आणि एवढंच बोलायचं राहिलं होतं.

पाच दिवस मी आत गेले नाही. शुक्रवारी त्याचाच फोन. "तू साठ कर. मला बघायचंय." मग रोज तो नुसता फोनवर असायचा, मी खेळायचे. फेलवुडमधून टिंबरमॉच्या बोगद्याने विंटरस्प्रिंगला गेले. तिथल्या अस्वलमुखी फरबोल्गांशी वैर असतं, न थांबता पळत जायचं. पलीकडे पुन्हा बर्फ, डन मोरोगसारखाच. रोज थोडी अस्वलं, थोडे यती, एका वेळी एकच, कडेकडेने. घाई केली नाही. २७ एप्रिलला, रात्री पावणेबाराला, पात्राभोवती सोनेरी उजेड पडला आणि आकडा ६० झाला. सोन्या तिकडे ओरडला, इकडे आई दचकून खोलीत आली. खेळात घालवलेला वेळ सांगणारी स्लॅश प्लेड ही आज्ञा आहे, ती टाकली तर ९ दिवस १६ तास. मेलेल्या दोघी त्यात नाहीत. सगळा खर्च पाच महिन्यांची वर्गणी धरून ६,३०० रुपये, बॅकअप वेगळा.

त्याने तोवर नवा ड्वार्फ प्रीस्ट केला होता, लेव्हल ३. मी हार्थस्टोनने, म्हणजे मुक्कामी परत नेणाऱ्या दगडाने, आयर्नफोर्जला आले, लिलावघरातून चार कापडी पिशव्या घेतल्या. टपालाने पाठवता आल्या असत्या. मेंढ्यावरून खारानोस, तिथून बोगदा ओलांडून कोल्ड्रिज व्हॅलीत उतरले. तो एका लांडग्याशी झुंजत होता, हेल्थ निम्म्यावर आलेली. पहिला वार ज्याचा, मॉबचे गुण त्याचे.

"ताई, जांबूला आवर," तो म्हणाला, "हा माझा आहे."

मी जांबूला पॅसिव्हवर टाकलं आणि बाजूला उभी राहिले.